आफ्रिकी कवितेतील दोन श्रद्धा

वसाहतकाळात आफ्रिकेतील मिशनरी शाळांनी अक्षरओळखीबरोबर नवा देवही दिला. तो स्वीकारायचा तर पूर्वजांची पूजा सोडणे भाग होते. एका श्रद्धेला दुसरीच्या मापाने खोटे ठरवता येते का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. स्वातंत्र्याच्या सुमारास दोन कवींनी त्याला वेगवेगळी उत्तरे दिली.

युगांडाचे ओकोट प'बिटेक (१९३१–१९८२) यांचे ‘साँग ऑफ लाविनो’ हे मूळ आचोली भाषेतील दीर्घकाव्य १९६६ मध्ये त्यांच्याच इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झाले. लाविनो ही खेड्यातली बायको आपल्या शिकलेल्या नवऱ्याविरुद्ध, ओकोलविरुद्ध, भाऊबंदांपुढे गाऱ्हाणे मांडते. ओकोलच्या लेखी पूर्वजांची देवस्थाने, वैदू आणि आचोली नाच हे सारे रानटी आहे. लाविनो गोऱ्यांच्या चालीरीतींची टर उडवते, पण त्या गोऱ्यांनी सोडाव्यात असे म्हणत नाही. ज्याचे त्याला शोभते, एवढाच तिचा दावा आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला घोकंपट्टी करावी लागते आणि निर्मात्याला कोणी निर्माण केले, हा तिचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकलेल्या ओकोट यांनी १९७० च्या ‘आफ्रिकन रिलिजन्स इन वेस्टर्न स्कॉलरशिप’ या ग्रंथात एका श्रद्धेला दुसरीच्या मापाने मोजण्याचा आक्षेप अभ्यासकांवर घेतला: आफ्रिकी देवतांना ग्रीक-ख्रिस्ती तत्त्वज्ञानाची वस्त्रे चढवून मग त्यांचे वर्णन केले जाते.

नायजेरियाचे इग्बो कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो (१९३२–१९६७) कॅथलिक घरात वाढले आणि इबादानला ग्रीक-लॅटिन साहित्य शिकले. त्यांच्या आईचे वडील मात्र ओजोटो येथे इदोटो या नदीदेवतेचे पुजारी होते आणि ओकिग्बो हे त्यांचाच पुनर्जन्म मानले जात. ‘हेवन्सगेट’ (१९६२) या संग्रहात कवी इदोटोपुढे नतमस्तक होतो. घरी परतणारा उधळ्या पुत्र ही कल्पना बायबलमधली, पण तो परततो इग्बो देवतेकडे. १९६६ मध्ये डाकार येथे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या कलामहोत्सवातील पारितोषिक त्यांनी नाकारले, कारण कलेला वंश असतो हे त्यांना मान्य नव्हते.

ओकोट दोन्ही श्रद्धांमधली सीमा राखतात, तर ओकिग्बो ती ओलांडतात. एका श्रद्धेने दुसरीचा निवाडा करू नये, हा ओकोट यांचा युक्तिवाद अधिक भक्कम आहे. पण दोन्हींचा वारसा लाभलेल्या ओकोलला लाविनोच्या गाण्यात थट्टेपलीकडे फारशी जागा मिळत नाही. अशा माणसाच्या मनाचा ठाव ओकिग्बो यांची कविताच घेते.