व्याख्येचा अधिकार: विद्यापीठीय धोरणांतील लक्षणविचार

विद्यापीठाचे कोणतेही धोरण घेतले, तरी त्याच्या आरंभी व्याख्यांचे एक कलम असते आणि ते बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात, कारण त्यात आज्ञा नसते, निषेध नसतो, शिक्षेचा उल्लेखही नसतो. वास्तविक पुढील कलमांतील प्रत्येक आज्ञा कोणाला लागू होणार आणि कोण तिच्या बाहेर राहणार, याचा निकाल त्या कलमातच लागलेला असतो. 'विद्यार्थी', 'शिक्षक', 'रॅगिंग', 'वाङ्मयचौर्य' हे शब्द धोरण लिहिले जाण्यापूर्वीही भाषेत होते आणि त्यांचे अर्थही लोकांना ठाऊक होते. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न येथे उभा राहतो: धोरणातील व्याख्या आधीपासून असलेल्या वस्तूचे स्वरूप सांगते, की अधिकाराच्या बळावर ती वस्तू नव्यानेच घडवते?

भारतीय शास्त्रपरंपरेत या दोन व्यापारांना दोन वेगळी नावे आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच सूत्रात आ, ऐ आणि औ या तीन स्वरांना 'वृद्धि' हे नाव दिले. ही 'संज्ञा', म्हणजे शास्त्राच्या सोयीसाठी ठरवून दिलेले नाव होय. अशा नामकरणाला कोणी खोटे म्हणू शकत नाही. फार तर ते गैरसोयीचे आहे एवढेच म्हणता येते. न्यायशास्त्रातील 'लक्षण' हा याहून वेगळा प्रकार आहे. लक्षण म्हणजे वस्तूचा असाधारण धर्म, अर्थात त्या वस्तूत सर्वत्र आढळणारा आणि तिच्याबाहेर कोठेही न आढळणारा विशेष. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वरील त्याच्याच 'दीपिके'त लक्षणाचे तीन दोष गायीच्या उदाहरणाने समजावले आहेत. तांबूस रंग हे गायीचे लक्षण मानले तर पांढऱ्या गायी वगळल्या जातात, ही 'अव्याप्ती'. शिंगे असणे हे लक्षण मानले तर म्हशीही आत येतात, ही 'अतिव्याप्ती'. आणि एकसंध खूर हे लक्षण मानले तर ते एकाही गायीला लागत नाही, हा 'असंभव'. वात्स्यायनाने शास्त्राची प्रवृत्ती तीन पायऱ्यांची सांगितली आहे: प्रथम 'उद्देश', म्हणजे वस्तूचे नाव घेणे; मग लक्षण; आणि शेवटी 'परीक्षा', म्हणजे ते लक्षण त्या वस्तूला खरोखर लागते की नाही हे तपासणे.

बाह्य रूपावरून पाहता विद्यापीठीय व्याख्या संज्ञेच्या वर्गात पडतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्या त्या अधिनियमापुरत्याच आहेत, आणि संदर्भामुळे वेगळा अर्थ घेणे भाग पडत नसेल तेव्हाच त्या लागू होतात. परंतु 'वृद्धि' आणि 'वाङ्मयचौर्य' यांत मोठे अंतर आहे. (पाणिनीची संज्ञाही अगदी कोरी नव्हती, तो मंगलवाचक शब्द मुद्दाम आरंभी ठेवला आहे, असे पतंजली सांगतो.) विद्यापीठ ज्याच्यावर वाङ्मयचौर्याचा ठपका ठेवते, त्याला केवळ एका पोटकलमात बसवले जात नाही, तर समाजाच्या दृष्टीने तो चोर ठरतो. व्याख्या करणाऱ्याने शब्दाचा रूढ कलंक तेवढा वापरायचा आणि परीक्षेची वेळ आली की ही आपली पारिभाषिक संज्ञा आहे असे म्हणायचे, हे न्याय्य नाही. रूढ शब्दाचे नैतिक वजन घेणाऱ्या व्याख्येला लक्षणाच्या कसोट्याही लागू होतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यासंबंधीचे २०१८ चे विनियम या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. त्यांतील व्याख्येचा आशय असा की, दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. या लक्षणाला दोन अंगे आहेत, घेणे आणि आपले म्हणून दाखवणे, आणि दुसरे अंग नसेल तर पहिले निर्दोष ठरते, कारण दुसऱ्याकडून घेतल्यावाचून कोणतीही विद्या पुढे जात नाही. मात्र त्याच विनियमांत पुढे चौर्याच्या पातळ्या ठरवताना माप बदलते. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले असून त्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर तो सादर करता येत नाही. आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. व्याख्या कल्पनेच्या अपहाराविषयी बोलते, तर पातळ्या शब्दांच्या साम्यावर आधारलेल्या आहेत. एकाच दस्तऐवजात एका नावाखाली दोन लक्षणे नांदत आहेत आणि शिक्षा दुसऱ्या लक्षणावरून होते.

या दुसऱ्या लक्षणाची परीक्षा केली, तर दोन्ही बाजूंचे दोष लगेच दिसतात. एखाद्याने परभाषेतील लेख मराठीत उतरवून आपल्या प्रबंधात मुरवला, तर शब्दसाम्य मोजणाऱ्या यंत्राला तेथे सहसा काही सापडत नाही. चोरी पूर्ण होते आणि आकडा शून्याजवळ राहतो. उलट रसायनशास्त्राच्या प्रबंधात प्रयोगपद्धतीचे वर्णन ठरीव वाक्यांतच करावे लागते, त्यामुळे प्रामाणिक विद्यार्थ्याचाही आकडा चढतो. विनियमकारांना या अतिव्याप्तीची कल्पना होती. म्हणूनच त्यांनी श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, प्रस्तावना, कायद्याची कलमे, प्रमाणित समीकरणे आणि सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे अंश मोजणीतून वगळले. नव्यन्यायाचे पंडित लक्षणाला विशेषणामागून विशेषण जोडून त्याचा 'परिष्कार' करीत, तशीच ही रीत आहे. चौदा हा आकडा मात्र कोणत्याही परिष्कारातून निघत नाही. चौदाव्या आणि पंधराव्या शब्दाच्या मध्ये चौर्याच्या स्वरूपात काहीच घडत नाही. तेथे केवळ अधिकाऱ्याची रेघ आहे, म्हणजेच ती उघडउघड संज्ञा आहे.

वेदान्ताने केलेला 'स्वरूपलक्षण' आणि 'तटस्थलक्षण' हा भेद येथे उपयोगी पडतो. स्वरूपलक्षण वस्तूचे स्वतःचे रूप सांगते. तटस्थलक्षण वस्तूच्या स्वरूपात न शिरता तिच्याकडे बोट दाखवते. देवदत्ताचे घर कोणते असे विचारल्यावर 'ज्यावर कावळा बसला आहे ते' हे उत्तर त्या क्षणी पुरेसे असते, कारण त्यावरून घर ओळखता येते, जरी कावळा हा घराचा भाग नसला आणि थोड्या वेळाने उडून जाणार असला तरी. साम्याची टक्केवारी हे अशा जातीचे लक्षण आहे. संशय कोठे घ्यावा हे ती दाखवू शकते, आणि हजारो प्रबंध तपासणाऱ्या विद्यापीठाला अशा खुणेवाचून चालणारही नाही. दोष आहे तो ओळखण्याच्या खुणेलाच शिक्षेचे माप करण्यात. कावळ्यावरून घर शोधावे हे ठीक, पण घरपट्टी कावळ्यांच्या संख्येवर आकारू नये.

रॅगिंगच्या व्याख्येने वेगळा मार्ग धरला आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमात आधी सामान्य वर्णन आहे, शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज अथवा संकोच निर्माण करणारे वर्तन अशा स्वरूपाचे, आणि मग 'समावेश होतो' म्हणून काही कृत्ये जोडली आहेत. आयोगाच्या २००९ च्या विनियमांत तर कृत्यांची यादीच आहे. यादी म्हणजे लक्षण नव्हे, अशी हरकत नैयायिक घेईल आणि ती रास्तही आहे, कारण यादीबाहेरचा नवा छळ ओळखायचा कशावरून, हे यादी सांगत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने जात, भाषा, प्रदेश, लिंगभाव, आर्थिक स्थिती इत्यादी कारणांवरून होणारा छळ आणि वगळणूक यांची स्पष्ट भर घालावी लागली. तरीही या व्याख्येचे एक श्रेय मान्य करावे लागते. तिच्यातील एका पोटकलमाने करणाऱ्याचा हेतू गौण ठरवला आणि सोसणाऱ्यावरील परिणाम मुख्य मानला. 'गंमत केली' हा बचाव ज्या वर्तनात नेहमी तयार असतो, तेथे हेतूला लक्षणात स्थान दिले असते तर असंभवाचा दोष फार दूर राहिला नसता.

बाराव्या शतकातील श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात नैयायिकांची लक्षणे एकामागून एक मोडून काढली आणि निर्दोष लक्षण संभवतच नाही, असे प्रतिपादन केले. त्याचे म्हणणे मान्य करूनही कोशकाराचे काम चालू शकते. भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'त एका शब्दाखाली निरनिराळ्या ग्रंथांतील अनेक लक्षणे शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात. विद्यापीठाला मात्र ही मोकळीक नाही. त्याला निर्णय द्यावा लागतो, आणि परंपरेनेही लक्षणाचे प्रयोजन 'व्यावृत्ती', म्हणजे इतरांपासून वेगळे काढणे, किंवा 'व्यवहार' असे सांगितले आहे. मग परीक्षेची तिसरी पायरी कोणी चढायची? धोरण लिहिणाऱ्या समित्या बहुधा दुसऱ्या पायरीवरच थांबतात, आणि परीक्षा पुढे न्यायालयात, व्याख्येच्या काठावर सापडलेल्या माणसाच्या खर्चाने होते.

'शिक्षक' या शब्दाचा इतिहास याची साक्ष देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ मध्ये शिक्षणसंस्था 'उद्योग' या व्याख्येत येऊ शकते असे ठरवले. परंतु १९८८ मध्ये गोव्यातील एका शाळेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शिक्षिका 'कामगार' नाही असा निर्णय दिला, कारण अध्यापन हे कुशल, अकुशल, पर्यवेक्षी, तांत्रिक किंवा कारकुनी यांपैकी कोणत्याच प्रकारचे काम नसून ते एक उदात्त व्रत आहे. शिक्षकाच्या वाट्याला गौरव आला आणि संरक्षण गेले. २००४ मध्ये उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येतूनही शिक्षक याच तर्काने बाहेर राहिले. संसदेने २००९ मध्ये ती व्याख्या बदलली आणि बदल ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. पूर्वलक्षी दुरुस्तीला आव्हान दिले गेले, तेव्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, आणि तसे करताना मूळ व्याख्येमुळे शिक्षकांवर झालेला अन्याय ही कायदे करणाऱ्यांची चूक होती, अशी भूमिका घेतली. संज्ञा चुकत नसते; चूक व्हायची तर व्याख्येने ज्याच्याविषयी बोलायचे तो शिक्षक व्याख्येच्या आधीपासून कर्मचारी असावा लागतो.