अनुशेष संपतो, आजार संपत नाही

‘आरोग्याचा अनुशेष केव्हाच भरून निघाला,’ असे हल्ली सभांतून बिनदिक्कत सांगितले जाते. हिशेबापुरते ते खोटे नाही. सिंचन वगळले तर इतर क्षेत्रांचा आर्थिक अनुशेष कागदावर मिटला आहे. पण या एका वाक्याने मागास भागातल्या आजारी माणसाची पुढची मागणीच बंद होते, आणि त्यासाठी राज्यातला प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीची साक्ष काढली जाते, हे मनाला लागते.

नागपूर करार, घटनेचे कलम ३७१(२), विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीची वैधानिक विकास मंडळे हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. १९५३च्या नागपूर करारात खर्च प्रदेशांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा होता. १९५६च्या घटनादुरुस्तीने शब्द दिला ‘समन्यायी वाटप’, तोही विकास खर्चापुरता. त्याचा अर्थ व्यवहारात योजनेतला खर्च असा झाला. आरोग्य उपकेंद्राची इमारत त्यात बसे; ते चालवणाऱ्या परिचारिकेचा वर्षानुवर्षांचा पगार सहजी बसत नसे.

दांडेकरांचा १९८४चा अहवाल विदर्भ-मराठवाड्यावरील अन्यायाचा ताळेबंद म्हणून वाचला जातो. इथेच चूक होते. सुमारे ३,१८७ कोटींच्या त्या अनुशेषात विदर्भ ३९ टक्के आणि मराठवाडा साडेतेवीस टक्के होता, तर उर्वरित महाराष्ट्र ३७ टक्क्यांवर होता. हा तिसरा आकडा भांडणात कोणी उच्चारत नाही. तो निघाला, कारण दांडेकरांनी हिशेबाचे एककच बदलले. त्यांनी प्रदेश सोडून जिल्हा धरला. माणशी किती रुपये मिळाले यापेक्षा राज्याच्या सरासरीहून सोयी किती कमी आहेत, हे विचारले. वाट्याच्या भाषेतून उणिवेच्या भाषेत येणे ही त्या अहवालाची खरी झेप होती.

ती अर्ध्यावर राहिली. नऊ क्षेत्रांना एकच माप लागले: रस्त्याला जे, तेच दवाखान्याला. रस्ता झाला की त्याची तूट भरते. आरोग्यात मोजल्या गेल्या त्या सोयी. आजार मोजलाच गेला नाही. ‘अनुशेष’ म्हणजे मागे उरलेले, म्हणून आपण त्याला थकबाकी समजलो. थकबाकी फेडली की खाते बंद. ताप, कुपोषण, बाळंतपण यांचे खाते दर पावसाळ्यात नव्याने उघडते. १९७६ साली इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेचा पैसा विभागांना वाटण्याचे सूत्र ठरले, तेव्हा लोकसंख्येबरोबर मृत्यूचे प्रमाणही त्यात धरले गेले. म्हणजे ही वाट दांडेकरांच्या आधीच पडलेली होती.

सोयींऐवजी आजाराकडे पाहिले तर काय साधते, याचे उत्तर गडचिरोलीत डोळ्यांसमोर आहे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याचा ३९ गावांतला प्रयोग १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. रुग्णालयांतल्या खाटांच्या मोजणीत हे काम दिसतच नाही. बालमृत्यूंसाठी ओळखला जाणारा मेळघाटही दिसत नाही, कारण तो अमरावती जिल्ह्यात आहे आणि अमरावती शहरातल्या खाटा सरासरी वर उचलतात. जिल्ह्यापर्यंत आलेली मोजणी तालुक्यापर्यंत गेलीच नाही.

३० एप्रिल २०२० रोजी वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा यावीत, ही माझीही मागणी आहे. मात्र आरोग्याच्या बैठकीत पहिला कागद बांधकामांचा नको. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत गेल्या वर्षी किती बाळे दगावली, कोणत्या महिन्यात, आणि तेव्हा उपकेंद्रात कोण हजर होते, एवढा एक कागद आधी टेबलावर यावा.