बसलेले आणि उभे

रविवारी सकाळी माटुंग्यात किंग्ज सर्कलच्या आसपासच्या दाक्षिणात्य हॉटेलांपुढे फुटपाथवर माणसं ताटकळत उभी असतात. दारातला माणूस वहीत नावं लिहून घेतो आणि जागा झाली की हाक मारतो. आत चौघांच्या टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या असतील तर तिथंच बसायचं, अशी इथली रीत आहे. समोरचं जोडपं कोण, कुठलं, काही ठाऊक नसतं. त्यांची चटणीची वाटी आपल्या पाण्याच्या पेल्याला खेटून असते. त्यांच्या ताटलीतला म्हैसूर मसाला बघून आपणही तोच मागवतो. कधी दोन शब्द बोलणं होतं, कधी होत नाही. डोसा संपतो, फिल्टर कॉफी पिऊन होते आणि आपण उठतो, कारण बाहेर कुणीतरी वाट बघतंय.

यात विशेष काय, असं कुणालाही वाटेल. पण इथलं कॅफे मद्रास 1940 सालचं आहे आणि रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 सालचं. त्या काळात कोण कुणाच्या शेजारी बसून जेवतो, ही आपल्या देशात साधी गोष्ट नव्हती. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन बंधनांवरच तर जात उभी होती. त्यातलं पहिलं बंधन आपल्या शहरांत निदान हॉटेलाच्या टेबलावर सुटलं. ते आपोआप सुटलेलं नाही.

ज्या गावाचं नाव या हॉटेलांच्या पाट्यांवर झळकतं, त्या उडुपीत मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात श्रीकृष्णाची स्थापना केली. तिथले आठ मठ दोन-दोन वर्षांच्या पाळीनं पूजेची जबाबदारी घेतात आणि त्यासोबत अन्नदानाचीही. याच मुलखातले स्वयंपाकी पुढे मद्रास, बंगळूर, मुंबईला गेले आणि त्यांनी हॉटेलं थाटली. त्याच मंदिराच्या भिंतीत एक झरोका आहे. त्याला ‘कनकन किंडी’ म्हणतात. कुरुब समाजातल्या संत कनकदासांना देवळात प्रवेश नव्हता. ते भिंतीबाहेर उभे राहून कृष्णाला आळवत राहिले आणि मूर्तीच त्यांच्या दिशेनं वळली, असं परंपरा सांगते. आजही भाविक त्या झरोक्यातून दर्शन घेतात. हे ऐकताना मराठी माणसाला चोखोबा आठवल्यावाचून राहत नाहीत. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे, देवळाच्या बाहेर. देवानं या दोघांना जवळ केलं, असं आपण भक्तिभावानं सांगतो. देवळातल्या माणसांनी मात्र त्यांना जवळ केलं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. उडुपीत ब्राह्मणांसाठी वेगळी पंगत बसवण्याची प्रथा तर अगदी आपल्या काळापर्यंत वादाचा विषय राहिली.

हॉटेलं निघाली तेव्हा हा भेद त्यांच्या उंबऱ्याशी थांबला नाही. दक्षिणेतल्या कितीतरी उपाहारगृहांच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द असे. तो काढावा म्हणून 1957 साली पेरियार यांनी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या एका उपाहारगृहापुढे आंदोलन उभारलं आणि त्यात अनेकांना अटक झाली. खेड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळे पेले ठेवण्याची चाल त्यानंतरही कित्येक वर्षं टिकून होती. आपल्याकडे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर हॉटेल काढलं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर महाराजांनी भाषणात दिलं नाही. ते स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. राजा पितो म्हटल्यावर त्याच्या सोबतच्यांना नाही कसं म्हणता येणार? समतेचं इतकं थेट शिक्षण क्वचितच कुणी दिलं असेल.

पुढे हा प्रश्न राज्यघटनेनं हाती घेतला. पंधराव्या अनुच्छेदातल्या दुसऱ्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथं कुणाला अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. 1955 च्या अस्पृश्यताविषयक कायद्यानं आणखी बारकाईनं पाहिलं. उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हासुद्धा त्यानं गुन्हा ठरवला. देशाच्या कायद्याला पेल्या-ताटल्यांची नोंद घ्यावी लागली, यावरून तो भेद किती खोलवर मुरला होता हे कळतं. आज आपण अनोळखी माणसासमोर बसून त्याच्या सांबाराच्या वाटीशेजारी आपली वाटी ठेवतो. त्यामागे सत्याग्रह आहेत, तुरुंगवास आहे, एका राजानं जाणीवपूर्वक घेतलेला चहा आहे आणि घटनेतलं एक कलम आहे. काही वाटा व्यापाराचाही आहे. स्वस्त, स्वच्छ आणि झटपट खाणं देणाऱ्या हॉटेलाला गिऱ्हाईक हवं असतं, आणि गल्ल्यावर आलेला पैसा जात सांगत नाही. याच हॉटेलांवर 1966 नंतरच्या काळात मुंबईत परप्रांतीय म्हणून दगडही आले. तरी ती टिकली, आणि मराठी घरांतही इडली-डोसा आता आठवड्याच्या खाण्यात आहे.

म्हणजे बसणारे एकमेकांना समान झाले. पण त्या टेबलाशी आणखी एक माणूस असतो. तो उभा असतो.

त्याच्याकडे आणि त्याच्या मागच्या स्वयंपाकघराकडे आपण किती पाहतो? आपण दहा मिनिटांत संपवतो त्या डोशाची तयारी आदल्या दिवशी सुरू झालेली असते. तांदूळ आणि उडीद डाळ भिजत घालायची, वाटायची, पीठ रात्रभर आंबू द्यायचं. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ते लवकर फुगतं, थंडीत वेळ घेतं, आणि याचा अंदाज फक्त सरावलेल्या हाताला असतो. पहाटे शहर झोपेत असताना बटाटे उकडायला लागतात, नारळ खवला जातो. मग डोसा घालणारा तापलेल्या भल्यामोठ्या तव्यापुढे उभा राहतो. तो पाणी शिंपडतो, खराट्यानं तवा पुसतो, पीठ गोल फिरवून पातळ करतो, कडेनं तूप किंवा तेल सोडतो, आणि गर्दी ओसरेपर्यंत हेच करत राहतो. आपल्याला कुरकुरीत कडा हवी असते आणि ती मिळते. ती तशी यावी म्हणून तो किती तास त्या धगीसमोर उभा आहे, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

बंगळूरच्या गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन 1943 पासून मसाला डोशासाठी ओळखलं जातं. तिथले वाढपी एका हातावर ताटल्यांची चळत रचून गर्दीतून वाट काढत येतात. लोक ते कौतुकानं पाहतात. ते कौशल्य आहे आणि ते तसं ओळखलं जातं, याचा मला आनंद वाटतो. अडचण अशी की कौशल्य जिथं इतकं ठळक दिसत नाही, तिथं आपला आदरही आटतो. टेबलावर फडका मारणारा, उष्ट्या ताटल्या बादलीत गोळा करणारा, मागच्या मोरीवर दिवसभर भांडी घासणारा, यांच्याकडे आपली नजर जात नाही. कारण त्यांचा हात उष्ट्याला लागतो. उष्टं उचलणारा तो खालचा, ही जातीनं शिकवलेली गोष्ट आपण पंगतीतून काढून टाकली, पण मोरीपाशी तशीच राहू दिली.

वाढणं हे खरं तर आपल्या संस्कृतीत हलकं काम कधीच नव्हतं. लग्नाच्या पंगतीत यजमान स्वतः हातात भांडं घेऊन आग्रह करत फिरतो आणि त्यात धन्यता मानतो. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांना वाढायला मिळावं म्हणून धडपडतात. गुरुद्वाराच्या लंगरमध्ये धनवान माणसं बसून भांडी घासतात. तेच काम कुणी पोट भरण्यासाठी, पगार घेऊन केलं की ते कमीपणाचं कसं होतं? भूक भागवणारा हात तोच असतो. उलट ज्याला हे काम रोज करावं लागतं, थकलेला असताना, स्वतः भुकेला असताना करावं लागतं, त्याचा मान अधिक असायला हवा. मद्रासच्या वुडलँड्स हॉटेलांचे संस्थापक के. कृष्ण राव यांनीही स्वयंपाकघरातल्या साध्या कामापासूनच सुरुवात केली होती. अशा मोरीवरून गल्ल्यापर्यंत पोहोचलेल्या माणसांच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो. त्या सांगाव्यात. पण मोरीवरचा माणूस उद्या मालक होईल म्हणून आज आदराला पात्र ठरत नाही. तो मोरीवरच राहिला तरी तितकाच पात्र असतो.

आपलं वागणं मात्र वेगळं असतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला चुटकी वाजवून बोलावलं जातं. सांबार पुन्हा मागितलं जातं, वाटी भरून येते आणि तशीच सोडली जाते. ती वाटी आणणाऱ्यालाच ती परत नेऊन ओतावी लागते, हे मनात येत नाही. चटणी आंबट लागली तर रागाचा धनी तोच होतो, ज्यानं ती वाटलेलीही नसते. आणि शेजारी बसलेलं आपलं मूल हे सगळं पाहत असतं. घरात आपण त्याला समतेचे कितीही धडे दिले, तरी माणसांची किंमत कशी ठरवायची हे ते अशा टेबलावर शिकतं. ज्याच्याकडून आपल्याला काही लाभ व्हायचा नाही, जो उलटून बोलू शकत नाही, त्याच्याशी आई-बाबा कसे बोलतात, यावरून त्याला कळतं.

एक बदल आपण पाहिला आहे. हॉटेलातला पोऱ्या हे मुंबईचं कित्येक दशकांचं चित्र होतं. दक्षिण कानडातून आलेली मुलं दिवसभर फडका मारत आणि रात्री कन्नड रात्रशाळांत बसत. त्यांची जिद्द मोठी होती, पण मुलानं शिकण्यासाठी आधी दिवसभर राबावं ही व्यवस्था चुकीची होती. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेलं आणि ढाब्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. एकेकाळी ज्यात कुणाला वावगं दिसत नव्हतं, ते आज आपल्याला खुपतं. नजर बदलू शकते, याचा हा पुरावा आहे.

आता पुढचं पाऊल कोणतं, तेही दक्षिणेनंच दाखवलं आहे. केरळमध्ये कापडाच्या दुकानांत दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांनी बसण्याचा हक्क मागितला. आठ-दहा तासांत क्षणभरही टेकता येत नाही, याविरुद्ध त्या लढल्या. 2018 साली केरळनं दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामाच्या ठिकाणी बसण्याची सोय बंधनकारक केली. 2021 साली तमिळनाडूनंही तसाच कायदा केला. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न होता गिऱ्हाइकानं कुठं बसायचं. आज प्रश्न आहे सेवा देणाऱ्याला बसता येतं का. हे दोन्ही एकाच लढ्याचे भाग आहेत. पहिल्याचं फळ आपण रोज खातो, म्हणून दुसऱ्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

ही जबाबदारी फार अवघड नाही. वाढणाऱ्याला आदरानं हाक मारावी, लागेल तेवढंच मागावं, जे मागितलं ते संपवावं. तक्रार असेल तर ती शांतपणे मालकाकडे करावी. इतकं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. याच्या पुढं जायचं तर नेहमीच्या हॉटेलात पैसे देताना गल्ल्यावरच्या माणसाला विचारावं, की तुमची माणसं कधी बसतात, कुठं जेवतात, सुट्टी कधी घेतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न कुठलाच व्यावसायिक फार दिवस टाळू शकत नाही. तो अनेकांनी विचारला, पुन्हा पुन्हा विचारला, तर स्वयंपाकघराच्या दाराशी एक बाकडं येईल, आणि जे आपल्यासाठी उभे राहतात त्यांना त्यावर हक्कानं बसता येईल.