सलूनमधला केर कुणाचा?



आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी मुंबईत एम.एस्सी. करते. मध्यंतरी मिस्सानंतर ती मला भेटली. "फादर, प्रयोगासाठी सलूनमधले केस गोळा करायचे आहेत. त्यात काही चुकीचं नाही ना?" मी हसलो. "अगं, केरच तर आहे तो!" पण खोलीवर येईपर्यंत मलाच माझे उत्तर पटेनासे झाले.

आधी तिचे काम समजून घेऊ. केस म्हणजे मुख्यत्वे केराटिन नावाचे प्रथिन. त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी घट्ट सांधलेले असतात, म्हणूनच केस लवकर कुजत नाहीत. रसायनांनी हे बंध सोडवले की केराटिन वेगळे काढता येते आणि त्याचे जेल किंवा स्पंजसारखा सच्छिद्र सांगाडा करता येतो. त्यावर पेशी चिकटतात, वाढतात. जखमा भरून याव्यात, तुटलेले मज्जातंतू पुन्हा जुळावेत, यासाठी अशा सांगाड्यांवर संशोधन चालू आहे. या कामात गाई-डुकरांपासून काढलेले कोलॅजेनही वापरतात. केसांसाठी मात्र कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. झाडून टाकलेल्या वस्तूतून कुणाची जखम भरणार असेल, तर त्यात वाईट ते काय?

वाईट काहीच नाही. आयुष्यभर कापलेल्या केसांचे पुनरुत्थानाच्या वेळी काय होणार, हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनीही गंभीरपणे हाताळला होता. (सेमिनरीत आम्ही त्यावर खूप हसलो होतो.) त्यांनी कुंभाराचा दाखला दिला. भांडे मोडून त्याच मातीचे नवे घडवले, तर कानाची माती पुन्हा कानालाच लागली पाहिजे असे नाही. म्हणजे कापलेला केस आपल्या जागी परत यावा, हा हट्ट नको.

मला खटकला तो माझाच 'केर' हा शब्द. १९७६ साली कॅलिफोर्नियात जॉन मूर या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाची प्लीहा काढण्यात आली. तिच्या पेशींवर डॉक्टरांनी संशोधन केले आणि १९८४ मध्ये पेटंट मिळाले. मूरना याची कल्पना दिलेली नव्हती. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या पेशींवर मूर यांची मालकी नाही, पण आपला हेतू डॉक्टरांनी त्यांना सांगायला हवा होता. प्लीहा आणि केस यांत फरक आहे, हे मान्य. केस पुन्हा उगवतात. पण शरीरातून निघालेल्या गोष्टीला केर म्हटले की विचारण्याची गरजच उरत नाही, आणि ही सवय केसांपाशी थांबेलच असे नाही. गिऱ्हाईक केस टाकून जाते ते त्यांचा काही उपयोग नाही असे समजून. उपयोग आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर त्याला सांगायला नको का?

पैशाचेही तसेच. आज हे केस फुकट मिळतात. उद्या त्यांना भाव आला, तर नफा कुणाचा? रोज ते झाडणाऱ्या पोऱ्याचा तर नक्कीच नसेल.

पुढच्या रविवारी मी तिला म्हटले, "बाळ, केस जरूर घे. पण खुर्चीतल्या माणसाला विचारून घे, आणि झाडणाऱ्याला त्याच्या कामाचे काही दे."

"फादर, शंभर जणांना विचारत बसले तर प्रोजेक्ट कधी होणार? आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर त्याचे केस केरात जातील."

तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.