पोल एक भोक खाली

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? तिन्हींना मिळून एकच उत्तर असलेलं हे कोडं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. फिरवलं नाही म्हणून. पानाला आणि भाकरीला हे उत्तर बिनतोड लागू पडतं. घोड्याच्या बाबतीत मात्र ते अर्धंच आहे, निदान उडी शिकणाऱ्या घोड्याच्या बाबतीत तरी. रोज फिरवलेला, अंगानं धडधाकट, कालपर्यंत तीच उडी सहज मारणारा घोडा आज आडव्या पोलसमोर येऊन पाय रोवतो. मग पाठीवरचा हौशी स्वार आणि कुंपणाशी उभे असलेले बघे, सगळ्यांचं एकमत होतं की जनावर हट्टी आहे. माझं म्हणणं असं की हट्ट हे निदान फार क्वचित बरोबर निघतं. गेल्या चार-पाच ढांगांत आपल्या पाठीवर काय घडलं, त्याचं उत्तर घोडा अडून देत असतो. ते उत्तर समजून घेण्यातच घोडा तयार करण्याचं निम्मं काम आहे. नाशिकच्या सातपूर भागातल्या कारखान्यात मशीनचं टूल वारंवार तुटायला लागलं तर जाणता फोरमन मशीनवरच्या पोराला शिव्या घालण्याआधी फीड आणि स्पीड बघतो, तसंच हे.

नाशिककरांना घोडा काही परका नाही. सातपूरहून शहराकडे येताना त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी लागते. पोलीस प्रशिक्षणाची ही संस्था 1909 पासून नाशकात आहे, आणि होऊ घातलेले फौजदार तिथे आजही घोड्यावर मांड ठोकायला शिकतात. धर्मवीर मुंजे यांनी 1937 साली काढलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्येही घोडेस्वारी शिकवतात. पण आज विषय आहे तो हौशी स्वारांचा. मुंबईत महालक्ष्मीला ॲमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 साली सुरू झाला. अशा ठिकाणी नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा घोड्यावर बसणारी ही माणसं. रोजचा सराव नसल्यामुळे त्यांचा भर शिबिरांवर असतो. बाहेरून एखादा नावाजलेला शिक्षक दोन-तीन दिवस येतो, त्याला ही मंडळी ‘जंपिंग क्लिनिक’ म्हणतात. शिक्षक चांगला असेल तर पहिला अख्खा दिवस पोल जमिनीवरच पडलेले असतात. दुडकीसाठी साधारण सव्वा मीटर अंतरानं मांडलेल्या चार पोलवरून घोडा न अडखळता, न घाई करता जायला लागला की मगच दोन पोल फुलीसारखे तिरके ठेवतात. फुली मधे सर्वांत ठेंगणी असते, त्यामुळे घोडा आपोआप मध्यावर येतो. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, आणि पैसे भरलेल्या स्वाराला तर त्याहून जास्त.

घोड्याच्या बाजूनं पाहिलं तर हा कंटाळा किती गरजेचा आहे ते कळतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागून येणारं संकट टिपायला ही रचना उत्तम, पण कपाळापुढचं अगदी जवळचं त्याला दिसत नाही. उडी घेण्याच्या क्षणी पोल जवळजवळ नजरेआड गेलेला असतो. म्हणजे मोजमाप त्याला आधीच, दुरून करावं लागतं. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरच्या पट्ट्या वर्षानुवर्षं नारिंगी होत्या. त्या माणसाला ठळक दिसतात, घोड्याला हिरवळीत विरघळल्यासारख्या. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधनानंतर 2022 पासून त्या पांढऱ्या करायला घेतल्या. तोवर चुकलेल्या उड्यांपैकी काहींचा दोष तरी घोड्यांवर उगाच गेला असणार. अंतराचंही तसंच. कँटर या चालीत घोड्याची एक ढांग साधारण 12 फुटांची. दोन अडथळ्यांमध्ये 60 फूट असतील तर उतरण्याचे सहा आणि उडण्याचे सहा सोडून बरोबर चार ढांगा बसतात. स्वारानं वळणावर लगाम ओढून घोड्याची चाल मारली की हिशेब चुकतो. चौथी ढांग पोलपासून लांबच संपते, पाचवी अगदी पायथ्याशी पडते आणि घोडा थांबतो. अशा वेळी थांबणं हा मूर्खपणा नाही, पायांची काळजी आहे.

याहूनही नाजूक गोष्ट तोंडाची. घोडा उडी मारताना मान पुढे लांबवतो. स्वार मागे राहिला तर तोल सावरायला त्याचे हात लगामाला लोंबकळतात, आणि तोंडातलं लोखंडी कडियाळ नेमकं उडीच्या वेळी हिरड्यांवर हिसका देतं. तोच स्वार वर दाणकन खोगिरात आपटला तर घोड्याच्या कमरेलाही मार बसतो. आता घोड्यानं यातून काय शिकावं? उडी मारली की तोंड दुखतं, एवढंच. तीन-चारदा हे झालं की तो अडतो, आणि त्याला चाबूक बसतो: आधी आज्ञा पाळल्याची शिक्षा, मग न पाळल्याची. इटलीच्या घोडदळातले अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली यांनी हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं. तोवर उडीच्या वेळी मागे रेलून बसणं हीच शास्त्रशुद्ध रीत मानली जायची. काप्रिल्ली यांनी स्वाराला पुढे झुकायला आणि हात घोड्याच्या मानेबरोबर जाऊ द्यायला शिकवलं. घोड्याच्या नैसर्गिक हालचालीत आड येऊ नका, हे त्यांच्या शिकवणीचं सार. आज जगभरचे स्वार त्यांच्याच पद्धतीनं उडी मारतात. नवशिक्यासाठी तिचा सर्वांत सोपा धडा म्हणजे उडीआधी आयाळीची एक बट मुठीत धरणं. दिसायला ते कच्चेपणाचं लक्षण, पण घोड्याचं तोंड त्यानं वाचतं.

स्वाराचे हात शांत असले तरी मन शांत नसेल तर? तेही घोड्याला कळतं. 1904 च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाची नकळत होणारी बारीकशी हालचाल तो टिपत होता. 2009 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी घोड्यासोबतच्या माणसांना सांगितलं की चौथ्या फेरीला अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. माणसांच्या काळजाची धडधड वाढली, आणि कसलीच कल्पना नसलेल्या घोड्यांचीही. तेव्हा स्वारानं पोलकडे बघून श्वास रोखला की खालच्या पाच क्विंटलच्या जनावराला संदेश पोचलेलाच असतो.

यावर जुन्या वळणाचे शिक्षक एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. अडल्यावर घोड्याला माघारी वळवलं, थोपटलं, तबेल्यात नेलं, तर अडलं की सुटका होते हेच तो शिकेल. खरंच आहे ते. घोडा शिकतो तो दाब नेमका कधी सुटला त्यावरून, म्हणून चुकीच्या वेळी दिलेली सुटका महागात पडते. पण त्यावर उपाय चाबूक नव्हे. आधी खोगीर पाठीला लागतंय का, नाल ढिला आहे का, पाय गरम आहे का ते बघायचं. सगळं ठीक असेल तर स्टँडवरचा पोल एक भोक, हवं तर तीन भोकं खाली घ्यायचा आणि घोड्याला त्यावरून न्यायचंच. मागणी सोडायची नाही, लहान करायची. मारानं घोडा पोल ओलांडेलही, पण त्या जागेची भीती त्याच्या मनात पक्की होईल. दरवर्षी आषाढी वारीसाठी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा माऊलींचा अश्व टाळ-मृदंगाच्या कल्लोळात, लाखोंच्या मधून रिंगण करतो. असं धैर्य सवयीनं येतं, धाकानं नव्हे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. घोड्याला कुणी विचारलं होतं का? माळरानावरचा घोडा वाटेत ओंडका आला तर बहुधा वळसा घालून जाईल. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकाराला किंमत द्यायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनला काय झालं ते जगानं पाहिलं. त्या खेळात स्वाराला चिठ्ठीनं अनोळखी घोडा मिळे आणि ओळख करून घ्यायला जेमतेम 20 मिनिटं. जर्मनीची ॲनिका श्लॉय सुवर्णपदकाच्या वाटेवर होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला, आणि तो आधीच्या स्वारासोबतच अडला होता. तिला रडू कोसळलं, चाबूक चालला, प्रशिक्षिकेनं घोड्याला ठोसा मारला आणि त्यापायी प्रशिक्षिकेची हकालपट्टी झाली. घोड्यानं मात्र फेरी पूर्ण केली नाही. 2024 च्या पॅरिस स्पर्धेनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. एका घोड्याचा ‘नाही’ ऐकून घेतला नाही, त्यापायी एका खेळातला शंभराहून अधिक वर्षांचा भाग गेला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

राहता राहिला हौशी माणसाचा मोह. तीन दिवसांच्या शिबिराचे पैसे भरले, रजा टाकली, तर निदान एक मीटरच्या उडीचा फोटो हवा. शिक्षकालाही पुढच्या वर्षी बोलावणं हवं असतं, म्हणून शेवटच्या संध्याकाळी पोल वर चढत जातात. घोडा दमलेला असतो, स्वार फुशारलेला. इथे आयोजकांनीच नियम करावा: शेवटच्या दिवशी उंची आदल्या दिवसापेक्षा वाढवायची नाही, आणि शिबिर उठल्यावर दोन दिवस घोड्याला नुसतं चालवायचं. शिबिराचा उपयोग झाला की नाही हे तपासायचं ते आठवड्याभरानं, घरच्या मैदानावर, शिक्षक आणि कॅमेरा दोन्ही नसताना, त्याच साध्या फुलीवर.