बातमीदाराचे दप्तर

बडोद्याच्या रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वसलेल्या अलकापुरीतून जो आर. सी. दत्त रोड जातो, त्याच्या दुतर्फा आज बँका, कचेऱ्या आणि उपाहारगृहे यांची एवढी दाटी झाली आहे की, ज्यांचे नाव या रस्त्यास दिले ते दत्त कोण, असा प्रश्न तेथून जाणाऱ्या बहुतेकांना पडत नसावा. रमेशचंद्र दत्त हे सनदी सेवेतून निवृत्त झालेले बंगाली गृहस्थ. सयाजीरावांनी १९०४ साली त्यांना महसूलमंत्री म्हणून बडोद्यास आणले, १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी येथेच निवर्तले. संघटित गुन्हेगारी आणि भ्रष्टाचार उघडकीस आणणाऱ्या पत्रकारांविषयी लिहावयास बसलो असता प्रथम या दिवाणसाहेबांचे स्मरण व्हावे, हे वरवर विचित्र वाटेल. आणि दत्त रूढ अर्थाने बातमीदार नव्हते, हेही खरे.

परंतु १९०० साली लॉर्ड कर्झन यांस उद्देशून त्यांनी जी अनावृत पत्रे लिहिली, त्यांत दुष्काळाचे खापर केवळ अवर्षणावर न फोडता शेतसाऱ्याच्या बोजाकडे बोट दाखवताना त्यांची मदार होती ती सरकारच्याच अहवालांवर आणि सरकारच्याच जमाबंदीच्या आकड्यांवर. आणि म्हणूनच, त्यांना उपद्रवी म्हणून झटकून टाकणे शक्य न होऊन, १९०२ मध्ये कर्झन सरकारला जमीनमहसुलाविषयी सविस्तर ठराव प्रसिद्ध करून उत्तर द्यावे लागले. आरोपीच्याच दप्तरातून आरोप सिद्ध करणे ही शोधपत्रकारितेची सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत भक्कम रीत होय. धैर्याचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. मात्र ते धैर्य कोणत्या आधारावर उभे होते, याची चौकशी क्वचितच करतो.

हा आधार कच्चा निघाला म्हणजे काय होते, याचा अनुभव मराठी पत्रसृष्टीने तिच्या कोवळ्या वयातच घेतला. ‘केसरी’ सुरू होऊन वर्षही पुरते लोटले नव्हते, तोच कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याचा आणि त्यास कारभारी माधवराव बर्वे जबाबदार असल्याचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, ज्या पत्रांच्या बळावर हे धाडस केले होते ती बनावट ठरली, आणि टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, हे ठीकच झाले. पण हेतूच्या शुद्धतेने पुराव्याची अशुद्धता झाकली जात नाही, हे त्या दोघा पदवीधरांना तुरुंगात नक्कीच उमगले असले पाहिजे. पुढे १८९४ साली बडोदे संस्थानातील बापट नावाच्या एका अधिकाऱ्यावर लाचलुचपतीचे आरोप येऊन चौकशी बसली, तेव्हा हेच टिळक आपल्या या मित्राच्या बचावासाठी बडोद्यास आले आणि साक्षीपुराव्यांची चिकित्सा करीत बसले. भ्रष्टाचाराच्या आरोपाची दुसरी बाजू इतक्या जवळून पाहिलेला संपादक आजही विरळाच.

कागदोपत्री पुराव्याच्या या परंपरेचे यशस्वी उदाहरण म्हणजे १९८१ चे सिमेंट प्रकरण. ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांस मिळालेल्या देणग्या आणि टंचाईच्या काळात बांधकाम व्यावसायिकांना झालेले सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध जुळवून दाखविला, मृणाल गोरे, प. बा. सामंत प्रभृतींनी न्यायालयात धाव घेतली. आणि जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी हा संबंध ग्राह्य धरताच अंतुल्यांस राजीनामा द्यावा लागला. यात विशेष लक्षात घेण्याजोगे हे की, पुरावा एकदा छापला गेल्यावर तो लेखकाच्या मालकीचा राहिला नव्हता. शौरींचे तोंड बंद करून कोणाचाही कार्यभाग साधला नसता.

टोळ्यांचे वृत्त देणाऱ्यास हे भाग्य लाभत नाही. ज्योतिर्मय डे यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील नोकरी, वन्यजीवनाची आवड, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविषयीचे स्फुट लेखन, तेथून ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि अखेरीस ‘मिड-डे’ असा त्यांचा प्रवास. म्हणजे जंगल पोखरणाऱ्यांचा माग काढता काढताच हा मनुष्य शहर पोखरणाऱ्यांपर्यंत पोचला. तेलमाफिया, खंडणी, पोलीस आणि टोळ्या यांचे साटेलोटे हे त्यांचे विषय. आणि ‘झीरो डायल’ हे त्यांचे पुस्तक तर खबऱ्यांच्याच दुनियेवर आहे. गुन्हेगारी टोळी जमाखर्चाचा अहवाल प्रसिद्ध करीत नाही आणि सुपारीची पावती फाडीत नाही. त्यामुळे येथे कागदाची जागा खबरीने घ्यावी लागते. खबर मात्र कधीच निर्हेतुक नसते. एका टोळीचे वृत्त दुसरी टोळी पुरविते, पोलिसांतील एका गटाचे दुसरा गट. आणि बातमीदार कितीही सचोटीचा असला, तरी त्याने छापलेल्या प्रत्येक ओळीचा लाभ कोणास झाला याचा हिशेब दूरदेशी बसलेला कोणीतरी मांडीतच असतो.

११ जून २०११ रोजी दुपारी पवईत मोटारसायकलवरून जात असता डे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. छोटा राजन याच्याविषयी त्यांनी लिहिलेले लेख त्याला झोंबले होते, आणि आपल्याविषयीचे एक पुस्तकही ते लिहीत असल्याचा त्याला राग होता, अशी फिर्यादी पक्षाची मांडणी होती. २ मे २०१८ रोजी विशेष मोक्का न्यायालयाने राजनसह नऊ जणांस जन्मठेप दिली, तर सहआरोपी केलेल्या एका महिला पत्रकारास निर्दोष सोडले. चेंबूरच्या टिळकनगरात वाढलेला हा राजेंद्र निकाळजे. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांनंतर त्याला ‘हिंदू डॉन’ म्हणून मिरविणाऱ्यांत आपल्यातील सुशिक्षितही होते, ही गोष्ट मराठी वाचकाने सोयीस्करपणे विसरू नये.

खबरीवर चालणाऱ्या या व्यवसायात माहितीचा मोठा भाग बातमीदाराच्या मस्तकातच राहतो, आणि म्हणून मस्तकच नष्ट करणे मारेकऱ्याला फायद्याचे वाटते. अमेरिकेत यावर एकदा उत्तर शोधले गेले. जून १९७६ मध्ये फिनिक्सच्या डॉन बोल्स या बातमीदाराला मोटारीखाली बाँब लावून मारण्यात आले, तेव्हा वेगवेगळ्या आणि एरव्ही परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या वृत्तपत्रांतील तीन डझनांहून अधिक पत्रकार ॲरिझोनात जमले, खुनाचा तपास पोलिसांवर सोडून त्यांनी संघटित गुन्हेगारी या बोल्स यांच्या विषयाचाच मागोवा घेतला, आणि पुढल्या वर्षी त्यावरील लेखमाला देशभर प्रसिद्ध केली. एकाला मारल्याने विषय मरत नाही, उलट तीसचाळीस जणांच्या हाती जातो, हे त्यांनी टोळ्यांना दाखवून दिले.

आपल्याकडे याची निकड मुंबईपेक्षा तालुक्याच्या गावी अधिक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे या स्थानिक बातमीदाराने तेथील नियोजित रिफायनरीच्या एका समर्थकाविषयी बातमी दिली आणि त्याच दिवशी त्या इसमाच्या गाडीची धडक बसून दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. अशा बातमीदाराच्या पाठीशी ना वकील असतो, ना विधिविभाग. पुष्कळदा नियमित वेतनही नसते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला, त्याचे स्वागतच आहे. परंतु तो बहुतांशी हल्ला झाल्यानंतरचा उपाय होय.

तेव्हा मराठी संपादकांस, आणि बडोद्यातील गुजराती दैनिकांच्या चालकांसही, माझी विनंती आहे की, धोक्याच्या विषयावर काम करणाऱ्या बातमीदाराच्या दप्तराची एक प्रत वकिलाकडे आणि एक प्रतिस्पर्धी पत्राच्या संपादकाकडे मोहोरबंद ठेवण्याचा, आणि त्याच्यावर हात पडल्यास सर्वांनी ती एकाच दिवशी छापण्याचा करार त्यांनी आपसांत करावा. त्यासाठी कोणत्याही विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.