नवी वनस्पती, कुणाला नवी?

आषाढ लागला की मावळातल्या बायका माळावर कवळा खुडायला जातात. आजीही जायची. कांद्यावर परतायची, वर मूठभर मूगडाळ. या शेंगवर्गातल्या भाजीचं शास्त्रीय नाव स्मिथिया, हे मला कॉलेजात कळलं. १७८८ मध्ये लंडनला लिनियन सोसायटी काढणाऱ्या जेम्स एडवर्ड स्मिथचं आडनाव आमच्या कवळ्याला! त्या बाबानं कवळा चाखला होता का, देव जाणे.

नवी वनस्पती सापडल्याची बातमी आली की गावात हटकून कुणीतरी म्हणतं, "नवी म्हंजे? बापजाद्यापासून हितंच हाय की." प्रश्न रास्त आहे. पणजोबांच्या गुरांनी खाल्लेली वेल परवा आलेल्या माणसानं 'शोधली' कशी?

खंडाळ्याच्या घाटात फादर सांतापाव हे स्पॅनिश पाद्री वर्षानुवर्षं झाडं गोळा करत हिंडले. मुगाचं एक रानटी भावंड त्यांनी वेगळं म्हणून नोंदवलं. आज ते विग्ना खंडालेन्सिस. घाटातल्या माणसांनी ते आधी पाहिलेलं असणारच. पण जगातल्या मुगाच्या माहीत असलेल्या भावंडांपैकी हे एकही नाही, हे घाटात बसून कळत नाही. त्यासाठी पाकळी, शेंग, बी मोजायचं, जुने वाळवलेले नमुने काढून ताडून बघायचे, वर्णन छापायचं (२०११ अखेरपर्यंत तर तेही लॅटिनमधून) आणि एक मूळ नमुना हर्बेरियममध्ये कायमचा ठेवायचा. हे झालं की मगच 'नवी' म्हणायचं.

आजीचं ज्ञान पोटापाशी थांबायचं. खायचा तो कवळा. त्याच्यासारखंच दिसणारं बाकीचं "नुसतं गवत". त्या गवतातली एक जात १९७१ मध्ये स्मिथिया आघारकरी झाली, मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावानं. ज्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही, त्यालाही स्वतःचं नाव असावं, हा हट्ट मला भाजी ओळखण्याहून मोठा वाटतो.

एक मात्र खटकतं. नमुन्याच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक, तारीख, ठिकाण असतं. वाट दाखवणाऱ्याला रकाना नाही. आमच्या वाडीतला एक म्हातारा अशा मंडळींबरोबर दोन दिवस सड्यावर फिरला. चहा मिळाला, मजुरीही मिळाली. पुढं त्यानं मला विचारलं, "नाव कुणाचं दिलं रं त्याला?"

"त्यांच्या सरांचं."

"बरं केलं," तो म्हणाला. "पर शेंग कवा धरती, ते मीच सांगितलं व्हतं."